उन्हात बोट सुरू होईना? वेपर लॉकच्या या चुका टाळा

पेट्रोलचं इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन असलेल्या बोटीचं एक दुखणं अगदी वेळ साधून येतं. तासभर जोरात बोट पळवून झालेली असते, तळ्याच्या आडोशाला नांगर टाकून इंजिन बंद केलेलं असतं, मंडळी पाण्यात डुंबून वर आलेली असतात. आता सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. पेटलंच तर मिनिटभर भकभकून गप्प. संध्याकाळी ऊन उतरलं की तेच इंजिन पहिल्या सेल्फला सुरू. सोमवारी मेकॅनिककडे नेलं तर त्यालाही काही सापडत नाही, कारण तोवर ते पार गार झालेलं असतं.

टेक्सास-ॲरिझोनाच्या तळ्यांवर बोट बाळगणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवं नाही. ज्यांनी मे महिन्यात पद्मिनी गाडी घाटात चढवली आहे, त्यांना फ्युएल पंपावर टाकलेलं ओलं फडकंही आठवत असेल. आजार तोच, वेपर लॉक. पाइपात पेट्रोल उकळतं, पंपात पेट्रोलऐवजी वाफ येते, वाफ काही पंपाला ढकलता येत नाही आणि इंजिन उपाशी राहतं. पण गाडीच्या बॉनेटखाली निदान वारा लागतो. बोटीचं इंजिन बंद कप्प्यात असतं आणि त्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साठली तर स्फोट होऊ शकतो. त्यामुळे गाडीवरचे जुगाड इथे जसेच्या तसे करायचे नाहीत.

थोडं गणित डोक्यात ठेवा. पेट्रोल किती चटकन उडतं हे त्याच्या बाष्पदाबावरून ठरतं आणि तो ३७.८ अंश सेल्सिअसला मोजतात. अमेरिकेत १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपावरच्या पेट्रोलला बऱ्याच भागांत ९ पीएसआयची (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) मर्यादा आहे, काही ठिकाणी त्याहून कमी. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला बहुतेक ठिकाणी १ पीएसआयची सूट मिळते. थंडीतलं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं करतात, गार प्रदेशांत ते १५ पीएसआयपर्यंत जातं. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ आणि बाष्पदाबाने बाहेरच्या दाबाला गाठलं की पेट्रोल उकळलंच. लेक टाहोसारख्या सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या तळ्यात तर हवेचाच दाब जेमतेम ११.७ असतो. म्हणजे आपल्याकडे शिल्लक असते ती दोन-चार पीएसआयची. ती कशी उधळली जाते ते बघा.

जोरात आणून झटकन बंद करणं

सगळ्यात जास्त बोटी इथेच अडकतात. इंजिन चालू असताना तळ्याचं पाणी त्याला गार ठेवतं, वाहतं पेट्रोलही पंपाची उष्णता सोबत घेऊन जातं. चावी फिरवली की दोन्ही एकदम थांबतं. ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीत) साठलेली उष्णता आता बाहेर पडते आणि पंप, पाइप, कार्ब्युरेटर, जे जवळ सापडेल ते तापवते. पंप सगळ्यात तापलेला असतो तो बंद केल्यावर साधारण वीस मिनिटं ते पाऊण तासाने, म्हणजे नेमका पोहून वर येण्याच्या वेळेला.

म्हणून नांगर टाकण्याआधी पाच मिनिटं बोट आयडलवर हळू फिरू द्या. बंद केल्यावर ब्लोअर, म्हणजे इंजिनच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, दहा मिनिटं चालू ठेवा, बॅटरीला तेवढं झेपतं. इंजिनचं झाकण वर करून ठेवलंत तर फारच उत्तम. पुन्हा सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा, ही सूचना अमेरिकेत पेट्रोलच्या इनबोर्ड बोटीवर स्विचजवळ चिकटवलेलीच असते. ती स्फोट टाळण्यासाठी आहे, गारव्यासाठी नाही, पण काम दोन्ही होतं. ब्लोअरचा मऊ पाइप एकदा हाताने चाचपून पाहा. तो मध्येच फाटलेला असला किंवा त्याचं तोंड तळाशी न राहता वर लटकत असलं तर पंखा नुसता आवाज करतो.

टाकीकडची बाजू न बघणं

लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि खरी अडचण टाकीच्या तोंडाशी असते. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा पाइपातला दाब उतरतो, आणि जिथे दाब उतरतो तिथे पेट्रोल आधी उकळतं. पंपात पेट्रोल येतं त्या बाजूला व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) लावून पूर्ण थ्रॉटलवर बघा. २ इंच पाऱ्यापेक्षा जास्त ओढ नको. २ इंच म्हणजे जवळपास १ पीएसआय. ४ इंच दिसले तर हातातले दोन पीएसआय नुसत्या ओढण्यात गेले.

ओढ वाढवणारे तिघे. पहिला वॉटर सेपरेटर, म्हणजे पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर. तो दरवर्षी बदला, दिसायला स्वच्छ असला तरी. दुसरा पिचलेला किंवा आतून सोललेला रबरी पाइप. तिसरा अँटी-सायफन व्हॉल्व्ह, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. टाकीच्या आउटलेटला बसवलेला हा पितळी तुकडा, आत एक गोळी आणि स्प्रिंग. गोळीभोवती कचरा बसला की पेट्रोल बारीक धारेने येतं. गार असताना चालून जातं, उन्हात नाही. काही जण गोळी-स्प्रिंग काढूनच टाकतात आणि बोट खरोखर बरी चालते. हे अजिबात करू नका. पुढे कुठे पाइप फुटला तर टाकी आपोआप बोटीच्या तळाशी रिकामी होऊ नये, एवढ्यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो. साफ करा, नाहीतर नवा बसवा.

पाइप बदलताना बोटीसाठीच बनवलेला, ए१-१५ छापलेला घ्या. तो मॅनिफोल्डपासून लांबून न्या आणि मध्ये उंच वेटोळं ठेवू नका, वाफ तिथेच जाऊन बसते. गाड्यांच्या दुकानातला स्वस्त इलेक्ट्रिक पंप जोडायचा मोह आवरा, त्याची ठिणगी बंदिस्त नसते. पाइपाला लाकडी चिमटे लावण्याची एक जुनी अमेरिकन प्रथा आहे. ते चिमटे कपडे वाळत घालायलाच बरे.

चुकीचं पेट्रोल

वेपर लॉक ऑगस्टपेक्षा एप्रिल-मेच्या पहिल्या कडक दुपारी जास्त छळतो, कारण टाकीत अजून थंडीतलं पेट्रोल असतं. ते आधी संपवा किंवा मोसम सुरू होताना ताज्याने टाकी भरा. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेऊन काही साधत नाही, ऑक्टेनचा आणि उडण्याचा संबंध नाही. मरीनात इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर ते घ्या. ई१५ (१५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मात्र स्वस्त दिसलं तरी नको, बोटीत ते वापरायला अमेरिकेत कायद्यानेच मनाई आहे.

सेल्फ मारत राहणं

इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन बंद असताना त्याचा आवाज ऐका. चावी ऑन केल्यावर पेट्रोल असलेला पंप जड, भरीव गुणगुणतो. वाफ ओढणारा पंप पातळ, चढ्या सुरात किणकिणतो. असा आवाज आला तर सेल्फला हात लावू नका. ब्लोअर चालवा, झाकण उघडा, पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा, मग पंपावर आणि पाइपावर ओला टॉवेल ठेवा. पाणी तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू देऊ नका, बिडाला तडा जातो. इंजेक्शनचं इंजिन असेल तर मधल्या वेळात चावी चार-पाचदा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि टाकीतलं गार पेट्रोल पुढे सरकतं.

नुसता सेल्फ मारत राहिलात तर बॅटरी जाईलच, शिवाय वॉटरलिफ्ट मफलर (धुराच्या जोराने पाणी बाहेर ढकलणारा सायलेन्सर) असलेल्या बोटींत आणखी मोठी पंचाईत होते. जुन्या सेलबोटींतलं ॲटॉमिक ४ हे पेट्रोल इंजिन त्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक. इंजिन फिरतं तसा पाण्याचा पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये भरत राहतो, ते बाहेर ढकलायला धूर नसतो आणि शेवटी पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. अशा बोटीत सेल्फ लांबवावाच लागला तर आधी सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक) बंद करा आणि इंजिन पेटताक्षणी उघडा, नाहीतर पाण्याच्या पंपातला इंपेलर (रबरी चक्र) कोरडा जळतो.

कार्ब्युरेटरवाल्यांना याच उन्हात उलटा प्रकारही भेटतो. कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उकळून खाली इंजिनात ओघळतं आणि ते उपाशी नव्हे, तुडुंब असतं. पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी ब्लोअर पुरेसा चालू द्या, लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा, पंपिंग न करता सेल्फ मारा. फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरवरची ज्वाळा अडवणारी जाळी) काढून आत डोकावायचं नाही.

टॉवेलने गार केल्यावरही इंजिन पेटत नसेल आणि गेजवर पेट्रोलचा दाब बरोबर असेल, तर तापल्यावर दम तोडणाऱ्या इग्निशन कॉइलवर संशय घ्या. वायर काढून ठिणगी बघायचा खेळ मात्र इंजिनच्या कप्प्यात नको.

हे सगळं पेट्रोलचं. हर्णै-मालवणच्या डिझेल बोटींत वेपर लॉक शोधत बसू नका, डिझेल उकळायला दीडशे अंशांच्या पुढे जावं लागतं. तिथे इंजिन दम खात बंद पडलं तर कुठल्या तरी सैल जोडातून लाइनीत हवा शिरलेली असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो. जोड आवळा, फिल्टर बघा आणि ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा.