अंदमानात स्कूबासाठी जाताना या चुका टाळा: सहल परतीच्या विमानापासून उलटी आखा

पुण्यातल्या घरांमध्ये अंदमानची सहल कशी ठरते, हे मी पुष्कळदा जवळून पाहिले आहे. आधी मुलांच्या सुट्ट्या पाहिल्या जातात, मग स्वस्तातली विमानाची तिकिटे काढली जातात, त्यानंतर सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, नील बेट असे करत एकेक दिवस भरला जातो, आणि सगळे भरून झाल्यावर जो अर्धा दिवस कोपऱ्यात उरतो त्यात ‘स्कूबा’ (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे) बसवले जाते. दुर्दैवाने हा उरलेला अर्धा दिवस बहुधा सहलीच्या शेवटाला असतो, आणि स्कूबासाठी त्याहून गैरसोयीची दुसरी वेळ नाही.

आमच्या पहिल्या सहलीत नेमके हेच झाले. आयोजकाने छापून दिलेल्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी सात वाजता हॅवलॉकला डाइव्ह, दहाला फेरी (बेटांमधली प्रवासी बोट) आणि दुपारी अडीचला पोर्ट ब्लेअरहून विमान असे दिमाखात लिहिलेले होते. डाइव्ह सेंटरवरच्या इन्स्ट्रक्टरने परतीच्या विमानाची वेळ विचारली, ती ऐकली आणि आम्हाला पाण्यात उतरवायला सरळ नकार दिला. पैसे गेले, मुले रुसली, आणि मी त्या तरुणाशी तासभर वाद घातला. आज मला त्या वादाची लाज वाटते, कारण त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते.

(हॅवलॉकचे अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ पासून श्री विजयपुरम असे आहे. आरक्षण करताना दोन्ही नावे दिसतात, ती वेगवेगळी ठिकाणे समजू नयेत.)

शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवणे

पाण्याखाली आपण टाकीतली दाबाखालची हवा घेतो. दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, परंतु सगळा निघायला कित्येक तास लागतात. तो शरीरात असतानाच बाहेरचा दाब एकदम कमी झाला, तर गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी दाबल्यावर होते तेच शरीरात होते, म्हणजे विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीएवढा नसतो, तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर चढून गेल्यासारखे होते.

म्हणून सर्वमान्य सूचना अशी आहे की एकच साधी डाइव्ह केली असल्यास विमानापूर्वी किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्या असल्यास किमान १८ तास थांबावे, आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल अथवा लांब डाइव्ह असल्यास त्याहून बरेच जास्त. अनेक सेंटर सरसकट २४ तास सांगतात, आणि सहल आखताना हाच आकडा धरणे शहाणपणाचे आहे.

त्यामुळे आराखडा परतीच्या विमानापासून मागे मोजत करावा. समजा, सातव्या दिवशी सकाळी विमान आहे. मग सहावा दिवस पूर्ण कोरडा ठेवावा, त्या दिवशी हॅवलॉकहून फेरीने पोर्ट ब्लेअरला यावे आणि दुपारी सेल्युलर जेल पाहावे. तिसरा, चौथा आणि पाचवा हे डाइव्हचे दिवस झाले. पहिले दोन दिवस प्रवास, फेरी आणि झोप यांना द्यावेत. हिशेबाने पाहिले तर सहाव्या दिवशी सकाळी लवकर डाइव्ह करूनही १८ तास भरतात, आणि तसे सुचवणारे कुणी ना कुणी भेटतेच. परंतु कोरडा दिवस केवळ नायट्रोजनसाठी नसतो. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि विमानाच्या दिवशी सकाळी फेरी रद्द झाली तर तिकीट वाया जाते. तो एक दिवस दोन्ही बाजू सांभाळतो.

जाताना तिकिटाची बाजूही तपासावी. पुण्याहून बहुधा चेन्नई, बंगळूरू किंवा कोलकाता येथे विमान बदलावे लागते. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली आणि लोहगावहून पहिले विमान उशिरा सुटले, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही. म्हणून दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. रात्रभर विमानतळावर जागून सकाळी उतरायचे आणि त्याच दिवशी पाण्यात शिरायचे, हा बेतही सोडून द्यावा.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते मालवणला जाणाऱ्या पुणेकरांच्या कामाचे आहे. वर सांगितलेल्या तासांच्या सूचना साधारण ६०० मीटरपासून २४०० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी आहेत. पुणे ५६० मीटरवर आहे, आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर. तारकर्लीला दिवसभरात दोन-तीन खऱ्या डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीने घाट चढला, तर विमानात न बसताही आपण तीच चूक करत असतो. पर्यटकांना उथळ पाण्यात काही मिनिटांसाठी नेतात त्या डाइव्हमध्ये धोका फार कमी असतो, मात्र प्रमाणपत्रधारक म्हणून खोल उतरला असाल तर रात्री मालवणातच मुक्काम करावा आणि घाट सकाळी चढावा.

शाळेच्या सुट्टीप्रमाणे हंगाम ठरवणे

पुण्यातले कुटुंब दोनच वेळा मोकळे असते, दिवाळीत आणि मे महिन्यात. अंदमानच्या समुद्राला हे दोन्ही काळ फारसे मानवत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात येण्याआधी अंदमानात पोहोचतो, आणि तिथली त्याची सर्वसाधारण तारीख २२ मेच्या आसपासची आहे, त्यामुळे ‘पावसाळ्याला अजून अवकाश आहे’ हे पुण्यात बसून केलेले गणित तिथे चुकते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो. दिवाळीत गेल्यास डाइव्ह होतच नाही असे नाही, परंतु एक-दोन दिवस बोटी उभ्या राहण्याची तयारी ठेवावी लागते. जानेवारी ते एप्रिल हे महिने सर्वांत भरवशाचे. मे महिनाच हाती असेल, तर निदान पहिल्या पंधरवड्याच्या आत परत यावे.

लक्षद्वीपचा विचार करणाऱ्यांनी प्रवेशपरवान्याचे काम आधी उरकावे आणि मगच तिकिटाकडे वळावे. तिथे भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. अंदमान पुण्याच्या पूर्वेला सुमारे १९ अंशांवर आहे आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो व मावळतो. बोटी सकाळी लवकर सुटतात. ‘आरामात नाश्ता करून दहाला निघू’ म्हणणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही.

वैद्यकीय अर्जावर डोळे मिटून ‘नाही’ लिहिणे

डाइव्हच्या आधी प्रश्नांचा एक अर्ज भरून घेतला जातो. दमा, हृदयविकार, फिट येणे, मधुमेह, फुफ्फुसांचे आजार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असे प्रश्न त्यात असतात. ठरावीक प्रश्नांना ‘हो’ उत्तर आल्यास डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. बेटावर ऐनवेळी असे डॉक्टर शोधणे अवघड असते, आणि मग इतक्या लांब आलो आहोत म्हणून चांगली शिकलेली माणसेसुद्धा सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. लहानपणी दमा होता, आता पंप घ्यावा लागत नाही, एवढ्याचीही तिथे दखल घेतात, कारण फुफ्फुसाच्या एखाद्या भागात अडकलेली हवा वर येताना फुगते. हा अर्ज महिनाभर आधी मागवावा, प्रामाणिकपणे भरावा आणि गरज असल्यास पुण्यातच डॉक्टरांकडून सही घ्यावी.

त्याच बैठकीत विम्याचेही पाहून घ्यावे. नेहमीच्या प्रवास विम्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीत स्कूबाचा उल्लेख आहे का आणि असल्यास किती मीटर खोलीपर्यंत, हे वाचल्याशिवाय हप्ता भरू नये.

सर्दी असताना उतरणे, आणि कान दुखल्यावरही खाली जात राहणे

पाण्याखालच्या तक्रारींमध्ये कानाची तक्रार सर्वांत जास्त आढळते, आणि तिचे कारण समजून घेतले तर ती बव्हंशी टाळता येते. पृष्ठभागापासून दहा मीटरवर जाताना दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्या आकारमानात दाबली जाते. दहावरून वीस मीटरवर जाताना फरक त्यापेक्षा कमी पडतो. म्हणजेच सगळा त्रास सुरुवातीच्या काही मीटरमध्ये असतो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच कान विसरून मासे पाहत असतो. नाक चिमटीत धरून हळुवार फुंकर मारायची, ती दुखू लागण्याच्या आधीपासून, जवळजवळ प्रत्येक मीटरला. दुखू लागलेच तर जोर लावू नये. इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून खूण करावी, एक-दोन मीटर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा आणि तरीही कान मोकळा झाला नाही तर ती डाइव्ह सोडून द्यावी.

सर्दी झाली असताना नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरण्याचा सल्ला कुणीतरी हमखास देते. गोळीचा परिणाम खोलवर असतानाच ओसरला, तर वर येताना कानातली फुगणारी हवा अडकते, आणि वर न येण्याचा पर्याय आपल्याकडे नसतो. आराखड्यात डाइव्हचे तीन दिवस ठेवण्याचे हेही एक कारण आहे. एकच दिवस असेल तर माणूस सर्दी लपवतो.

श्वास रोखून धरू नये, हे मात्र प्रत्येक सेंटरवर सांगतात, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

‘पोहता येत नसले तरी चालते’ हे सगळ्याला लागू धरणे

जाहिरातीतले हे वाक्य पहिल्या ओळखीच्या डाइव्हपुरते खरे आहे, जिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो आणि खोली १२ मीटरच्या आत असते. ओपन वॉटर प्रमाणपत्राचा, म्हणजे डायव्हरच्या पहिल्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम घ्यायचा असेल, तर पोहणे यावेच लागते. पॅडी (PADI) या डाइव्ह प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे अपेक्षित असते, वेळेचे बंधन नसते. किमान वय १० वर्षे आहे आणि प्रमाणपत्रावर प्रौढांना १८ मीटरपर्यंत उतरता येते.

हा अभ्यासक्रम बेटावर पूर्ण करण्यात तीन ते चार दिवस जातात, आणि त्यातला बराचसा काळ पुस्तक व तलावात. त्यापेक्षा लेखी भाग आणि तरणतलावातला सराव पुण्यातच प्रशिक्षकाकडे उरकून, समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या बेटावर करण्याची ‘रेफरल’ पद्धत आहे. तिने दोन दिवस वाचतात. शिवाय पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरल्यावर आपण घाबरतो की नाही, हे पुण्यातल्या टिळक तलावासारख्या ओळखीच्या पाण्यात कळलेले केव्हाही बरे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे विमान न पकडताही शिकता येते. पाण्याची स्वच्छता अंदमानसारखी मिळेल अशी अपेक्षा मात्र कोकणात ठेवू नये.

प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज या हॅवलॉकच्या नावाजलेल्या जागांचा हट्टही धरू नये. त्या खोल आहेत आणि तिथे प्रवाह असतो. नीमो रीफसारख्या उथळ जागेवरच्या दोन डाइव्ह नवख्याला अधिक शिकवून जातात.

किरकोळ वाटणाऱ्या अडचणी

मास्कमध्ये सारखे पाणी येत असेल, तर दोष बहुधा मास्कचा नसतो. पट्टा फार घट्ट ओढलेला असतो, कडेखाली केस अडकलेले असतात, किंवा मिशी आड येत असते. मिशीवाल्यांनी नाकाखालची अगदी बारीक पट्टी तेवढी कापावी, संपूर्ण त्याग करण्याची गरज नाही. चष्मा असल्यास नंबरचा मास्क मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारावे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, कडक लेन्स टाळाव्यात.

रिकाम्या पोटी बोट लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. दोन तास आधी हलके काही खावे. घाटात लागते म्हणून घेतो तीच गोळी येथेही चालेल असे गृहीत धरू नये, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी गुंगी येते. कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ती आधी घरी घेऊन पाहावी.

सेंटर निवडताना दर शेवटी विचारावा. एका इन्स्ट्रक्टरबरोबर पाण्यात किती जण असतील, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि खराब हवामानामुळे डाइव्ह रद्द झाल्यास पैशांचे काय, हे आधी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नये. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावरची तपासणी त्यासाठीही असते.

परत आल्यावर

डिकम्प्रेशनचा, म्हणजे वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास बहुतेक वेळा डाइव्हनंतरच्या २४ तासांत दिसू लागतो, त्यामुळे कधी कधी माणूस तोवर घरी पोहोचलेला असतो. खांदा किंवा कोपर दुखणे, हातापायाला मुंग्या येणे, कमालीचा थकवा, चक्कर, त्वचेवर चट्टे यांपैकी काहीही जाणवले तर ‘बॅगा उचलल्या, प्रवास झाला’ म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे आणि दुखण्याच्या आधी डाइव्हची माहिती सांगावी, कारण पुण्यातल्या डॉक्टरांच्या मनात तो विचार आपणहून येईलच असे नाही. किती डाइव्ह, किती खोल, किती मिनिटे आणि शेवटची कधी, एवढे चार आकडे त्यांना लागतात. ते प्रत्येक डाइव्हनंतर बोटीवरच वहीत लिहावेत, आणि ती वही सामानाच्या बॅगेत नव्हे तर हातातल्या पिशवीत ठेवावी.