गोव्यातला कॅक्टस: या चुका टाळा

मृग लागला तरी कॅक्टसच्या कुंड्या बलकांवाच्या कडेला, पावळ्यांच्या धारेखाली तशाच राहतात. चवथ येईपर्यंत बुंधा तपकिरी पडतो, अंगठ्याने दाबला तर आत जातो. पाऊस बाधला, असं म्हणून आपण कुंडी टाकून देतो. पण पाऊस कॅक्टसचा वैरी नाही. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस येतो आणि तिथल्या सग्वारो या उंच कॅक्टसचं बी त्याच पावसात रुजतं. सर आली की मुळं पाणी भराभर ओढून घेतात, खोडावरच्या चुण्या उलगडून ते फुगतं, आणि जमीन पुन्हा सुकते. तिथल्या टुसॉन शहरात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे त्याच्या दहापट. बाधतो तो मुळांशी साचलेला ओलावा.

म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी ठेवा. खालची ताटली काढा. मातीत निम्मी तरी जाड रेती आणि विटांचा चुरा हवा. समुद्रावरची वाळू मात्र आणू नका, तिच्यातलं मीठ मुळांना जाळतं.

दुसरी चूक उन्हाची. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप आणून आपण एप्रिलच्या गच्चीवर ठेवतो. त्यावर पांढरट पिवळे चट्टे उठतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. खुद्द सग्वारोही लहानपणी उघड्यावर क्वचितच तगतो. पक्षी त्याची लाल फळं खातात, पालो वर्दे किंवा मेस्कीट या तिथल्या झाडांच्या फांदीवर बसून विष्ठा टाकतात, आणि बी त्या सावलीत रुजतं. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम इंच-दीड इंच होतं. तुमच्या रोपालाही आधी सकाळचं कोवळं ऊन द्या, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

बरेच कॅक्टस जातात ते फांदी तोडून लगेच मातीत खोचल्यामुळे. इथे गिला सुतारपक्ष्याकडून शिकावं. तो सग्वारोच्या खोडात ढोली कोरतो, पण सहसा लगेच घरटं करत नाही, आतला ओला गर सुकायला कित्येक महिने जाऊ देतो. तेवढ्यात झाड जखमेभोवती लाकडासारखा टणक थर धरतं आणि आतलं पाणी वाचवतं. पुढे सुतारपक्षी ती जागा सोडतो तेव्हा चिमुकलं एल्फ घुबड राहायला येतं. झाड मरून कोसळलं, गर कुजून गेला, तरी तो टणक कप्पा बुटासारखा शाबूत सापडतो. आपल्या फांदीलाही असा थर धरायला वेळ लागतो. ती फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तोडा, सावलीत आठ-दहा दिवस आडवी ठेवा, काप कडक झाला की मगच लावा. पावसाळ्यात तो काप सुकतच नाही. बुंधा सडलेला असेल तर वरचा चांगला भाग वाचवायला खालून वर थोडं थोडं कापत जा. कापाच्या मध्यात तपकिरी ठिपका दिसतो तोवर सड आत आहे.

फुलं येत नाहीत म्हणून खताचा मारा करू नका. सग्वारोला पहिलं फूल साधारण पस्तिशीत येतं. कुंडीतल्या छोट्या जाती काही वर्षांतच फुलतात, फक्त त्यांना भरपूर उजेड आणि हिवाळ्यात कोरडी विश्रांती लागते. विकत घेताना फूल हलकेच ओढून पाहा, बऱ्याचदा ते चिकटवलेलं वाळकं फूल असतं.

मुंग्या दिसल्या की थेट औषध फवारू नका, आधी काट्यांच्या बुडाशी पाहा. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी येतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका पुसा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. काही कॅक्टस मात्र स्वतःच काट्यांजवळ मध पाझरतात आणि त्या मोबदल्यात मुंग्या इतर किडी हुसकावतात. तिथे मुंग्यांना राहू द्या.

ड्रॅगनफ्रूट हाही कॅक्टसच. फुलं गळतात म्हणून गोव्यात बरेच जण वेल उपटतात. सग्वारोचं फूल रात्री उमलून दुसऱ्या दुपारी मिटतं. तेवढ्यात वाघळं, होले आणि मधमाश्या त्याच्यावर येऊन जातात. ड्रॅगनफ्रूटला तर जेमतेम एक रात्र मिळते, आणि अनेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. दोन वेगळ्या जाती लावा, फूल पूर्ण उमललं की मऊ ब्रशने एकीचा पराग दुसरीच्या स्त्रीकेसराला लावा. आणि रात्री फिरणाऱ्या वाघळांना हाकलू नका, अंगणातला झगझगीत दिवाही तेवढ्यापुरता बंद ठेवा.