पीथमपूरला डीएमए दुरुस्तीला निघण्याआधी

२ जीबी रॅमचा बोर्ड काढून ८ जीबीचा लावला, कॅमेऱ्याचं कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, तरी कॅमेऱ्याचं चित्र फाटायला लागलं, असा निरोप पीथमपूरच्या कारखान्यातून आला की दुखणं बहुतेक डीएमएच्या (डायरेक्ट मेमरी ॲक्सेसच्या) मांडणीत असतं. कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितं, पण कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेल्या पत्त्यापर्यंत त्याची पोच नसते आणि कर्नलला ते कुणी सांगितलेलं नसतं. इंदूरहून निघण्याआधी काय तयार हवं, ते लिहितोय. लॅपटॉप, चार्जर, गेटपास हे सांगत बसत नाही.

आधी बॅकअप. भरकटलेलं डीएमए कुठे लिहील याचा नेम नाही. फाइल सिस्टिमच्या कॅशवर लिहिलं, तर तो कचरा पुढे डिस्कवर उतरतो आणि कारखान्याची सेटिंग्ज जातात. म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून (म्हणजे तो लोडच होऊ न देता) आपल्या एसडी कार्डावरून बूट करा, ईएमएमसीची (बोर्डवरच्या स्टोरेज चिपची) पूर्ण इमेज काढा, आणि मगच पुढे. चाचण्यासुद्धा एसडीवरूनच.

बूट लॉग बघायला सीरियल केबल दोन घ्या. जेल रोडवर यूएसबी-सीरियल सहज मिळतं, पण व्होल्टेज पाहून घ्या: ३.३ व्होल्ट लागणाऱ्या पिनांना ५ व्होल्टचं लावलं तर पोर्ट जळेल. काही बोर्डांना १.८ लागतं. डेटाशीट बघा, दुकानदाराला विचारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डवर आत्ता कोणती डीटीबी चालू आहे ते बघा. डीटीबी म्हणजे डिव्हाइस ट्रीची बांधलेली फाइल, बोर्डवर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी. तुम्ही बदललेली नव्हे, बांधलेली नव्हे, बूट फोल्डरमध्ये ठेवलेली नव्हे, तर कर्नलच्या हातात खरोखर पोचलेली. मागच्या खेपेला राहिलेली पायरी हीच. बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) भलत्याच विभागातली जुनी फाइल उचलत होता, आणि अख्खा दिवस अशा बदलांची चाचणी होत राहिली जे कधी लागूच झाले नव्हते. उपाय सोपा आहे. प्रत्येक बदलाबरोबर मुळाच्या नोडमधल्या ‘मॉडेल’ ओळीला शेवटी एक आकडा जोडा. तो बूट लॉगच्या सुरुवातीलाच ‘मशीन मॉडेल’ म्हणून छापून येतो. आकडा जुना दिसला तर हात थांबवा, बाकी काहीही तपासू नका.

नंतर कागद. हो, कागदच, कारण प्लांटमध्ये नेट मिळेलच असं नाही. रॅम कुठल्या पत्त्यापासून सुरू होते ते ‘प्रॉक’मधल्या (कर्नल स्वतःची माहिती दाखवतो त्या फोल्डरमधल्या) ‘आयओमेम’ फाइलमधून रूट होऊन वाचा (साध्या युजरला नुसती शून्यं दिसतात). रॅम शून्यापासूनच सुरू होते असं धरून चालू नका. आय.एमएक्स८एम जातीच्या चिपांत ती १ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते. म्हणजे २ जीबीचा बोर्ड ३ जीबीच्या पत्त्यावर संपतो आणि ३२ बिटांच्या कार्डाच्या आवाक्यात (४ जीबीच्या पत्त्यापर्यंत) सगळा बसतो. ८ जीबीचा ९ जीबीपर्यंत जातो, आणि त्यातली पहिली ३ जीबी रॅमच त्या कार्डाच्या आवाक्यात राहते. जुना बोर्ड का चालत होता, याचं उत्तर या एका बेरजेत मिळतं. रास्पबेरी पाय ४ मध्ये आणखी वेगळं: तिथली जुनी उपकरणं फक्त पहिली १ जीबी रॅम बघू शकतात, आणि तीही त्यांच्या बाजूने ३ जीबीच्या पत्त्यापासून सुरू झालेली दिसते. म्हणून कागदावर तीन रकाने हवेतच: उपकरणाला दिसणारा पत्ता, प्रोसेसरला दिसणारा पत्ता, लांबी.

हेच तीन रकाने डिव्हाइस ट्रीत ‘डीएमए-रेंजेस’मध्ये उतरतात. ती ओळ उपकरणाच्या नोडमध्ये लिहू नका, ज्या बसवर (उपकरणाला प्रोसेसर-मेमरीशी जोडणाऱ्या वाटेवर) उपकरण बसलंय त्या बसच्या नोडमध्ये लिहा. पहिल्या आकड्याला किती सेल (३२ बिटांचे कप्पे) लागतात ते बसचा नोड ठरवतो, दुसऱ्याला किती ते त्याच्या वरचा नोड, आणि लांबीचं पुन्हा बसचाच नोड. इथे एक सेल कमी-जास्त झाला की पुढचं सगळं सरकतं आणि आकडे वरवर तरी खरे वाटत राहतात. ओळ रिकामी ठेवली तर अर्थ होतो ‘पत्ते जसेच्या तसे’. एकावर एक बस असतील तर वरपर्यंत प्रत्येक पायरीवर ती ओळ आहे ना ते बघा. आणि लिहून झालं की चालू बोर्डवर ‘प्रॉक’मधल्या ‘डिव्हाइस-ट्री’त जाऊन त्या ओळीचे बाइट हेक्समध्ये वाचा, कागदाशी ताडा. मोठा बाइट आधी असतो. संपादकात उघडलेली फाइल बघून समाधान मानू नका. चालू डीटीबी, चालू डीटीबी.

ड्रायव्हरमध्ये मास्क बघा, म्हणजे कार्ड किती बिटांचा पत्ता काढू शकतं तो आकडा. काही सांगितलं नाही तर कर्नल ३२ बिट धरतो. कार्ड ६४ बिटांचं असेल तर प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) ‘डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट’ हवं, आणि त्याचं उत्तर तपासलेलं हवं. मास्क म्हणजे कार्डाची स्वतःची ताकद. बस अरुंद आहे म्हणून ड्रायव्हरमधला मास्क छाटणारे पुष्कळ भेटतात. त्याने आजचा बोर्ड चालतो, पण तोच ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डावर विनाकारण लंगडतो. बसची मर्यादा डिव्हाइस ट्रीतच सांगा. यावर मी तडजोड करत नाही.

‘डीएमए-कोहेरंट’ हा शब्द अंदाजाने टाकू नका. हार्डवेअर खरंच प्रोसेसरच्या कॅशची दखल घेत असेल तरच तो लिहायचा. नसताना लिहिला तर कर्नल कॅश साफ करणं सोडून देतो आणि जुनाच डेटा हातात येतो, कधी येतो, कधी नाही, आणि लॉगमध्ये अवाक्षर नसतं.

मर्यादा नीट सांगितली की आवाक्याबाहेरच्या पानांसाठी कर्नल मधली जागा वापरतो, स्वियोटीएलबी. काही बदललं नसेल तर ती सहसा ६४ एमबी असते. ‘बफर भरला’ असा संदेश आला की लोक लगेच ती वाढवतात. थांबा. एका वेळी सलग २५६ केबीपेक्षा मोठा तुकडा त्यात बसतच नाही. १९२० गुणिले १०८०, पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटांची. जागा १ जीबी केली तरी फ्रेम त्यात सलग बसणार नाही. फ्रेमसाठी बफर सुरुवातीलाच ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने घ्या, किंवा तुकड्यांची यादी करून मॅप करा (म्हणजे कार्डाला त्यांचे पत्ते मिळवून द्या).

डीएमए-एपीआय डीबग चालू केलेला वेगळा कर्नल घरूनच बांधून न्या, तिथे बांधायला वेळ मिळत नाही. मॅपिंगची चूक न तपासणारा, मॅप केलेलं न सोडणारा ड्रायव्हर तो नावानिशी दाखवतो. त्या कर्नलबरोबर त्याचीच डीटीबी न्या, आणि बूट झाल्यावर पुन्हा मॉडेलचा आकडा बघा. कर्नल बदलला की बूटलोडर डीटीबीचा रस्ताही बदलू शकतो. यू-बूट हा बूटलोडर तर डीटीबी मेमरीत आणल्यावर तिच्यात स्वतःची भर घालतो, म्हणून एसडीवरची फाइल नवी आहे एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पोचल्यावर पहिली चाचणी: बूट ओळीत ‘मेम’ २ जीबी करा. चित्र सुधारलं तर दुखणं पत्त्यांच्या मर्यादेचं असण्याची दाट शक्यता. नाही सुधारलं तर कॅशकडे किंवा केबलकडे वळा. मग बदल, आकडा, बूट, आकडा बघणं, हेक्स बघणं, कॅमेरा. याच क्रमाने. लाइनवरचे काका ‘झालं का’ विचारत उभे राहतात तेव्हाच आकडा बघणं सुटतं. सुटू देऊ नका.

चित्र नीट आलं की पूर्ण ८ जीबीवर, मेमरी भरलेली ठेवून, एक शिफ्ट चालवा. फ्रेमचे चेकसम लॉगमध्ये घ्या. डीबग कर्नल काढा, साधा टाका, डीटीबी पुन्हा तपासा. ईएमएमसीवर चढवा, एसडी काढून बूट करा, आकडा. बदल कमिट करा, संदेशात पत्त्यांचे तीन रकाने लिहा. पॅच मूळ लिनक्स कर्नलकडे पाठवायचा असेल तर चेकपॅच आणि डीटीबीएस_चेक (कर्नलबरोबर येणाऱ्या तपासण्या) चालवून. जुनी इमेज महिनाभर पुसू नका.