पाइप कोरडा, मोजणी चालू: पिन इंटरप्ट जोडताना आणि तपासताना

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या वावरात एका लॅटरलवर (ठिबकच्या नळीवर) ताशी ४ लिटरचे १०० ड्रिपर आहेत असं धरा. ताशी ४०० लिटर झाले, म्हणजे मिनिटाला ६.६७ लिटर. प्रोजेक्टसाठी सहसा घेतला जातो तो अर्ध्या इंची वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर (पाण्याचा प्रवाह मोजणारा) मिनिटाला १ लिटर प्रवाहामागे ७.५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७.५ पल्स, देतो. गुणाकार केला की येतात बरोब्बर ५० हर्ट्झ. आणि आपल्या लाईनची फ्रिक्वेन्सीही ५० हर्ट्झच.

आता सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आणि पल्स मोजणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची पिन लोंबकळत राहिली, तर ती शेजारच्या मोटारीच्या केबलमधून ५० हर्ट्झ उचलते. पाइप कोरडा असतो आणि स्क्रीनवर ६.६७ च्या आसपासचा आकडा दिसतो. शेतकऱ्याला जो आकडा अपेक्षित आहे नेमका तोच दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, आणि बाग मात्र तहानलेली राहते.

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारी बरीच मुलं बटन दाबून एलईडी लागला की पिन इंटरप्ट (पिनवरचा सिग्नल बदलला की चिपने हातातलं काम थांबवून ठरलेला कोड चालवणं) जमला असं समजतात. कोड लिहायला अर्धा तास पुरतो. मोजणी खरी आहे हे सिद्ध करायला दोन दिवस जातात, आणि ते दोन दिवस द्यायलाच हवेत.

उदाहरणासाठी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा निळा बोर्ड घेऊ, ७२ मेगाहर्ट्झवर. पिन पीबी१०, म्हणजे पोर्ट बी ची १० नंबरची. ही पिन ५ व्होल्ट सहन करते, पण आतला पुल-अप किंवा पुल-डाउन (पिनला वरच्या व्होल्टकडे किंवा ग्राउंडकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालू नसेल तरच. पीबी०, पीबी१, पीबी५ यांना ५ व्होल्ट चालत नाहीत, त्या टाळा. दुसरी गोष्ट पिन निवडतानाच बघायची: या चिपमध्ये बाह्य इंटरप्टच्या लाईन पिनच्या क्रमांकावर ठरतात, पोर्टवर नाही. पीए१० आणि पीबी१० दोघांची लाईन एकच, १० नंबरची. दोन्हींवर एकाच वेळी इंटरप्ट मिळत नाही. सर्किट सोल्डर करून झाल्यावर हे कळलं तर सगळं उकलावं लागतं.

कोडमधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्लॉक: एपीबी२ईएनआर या रजिस्टरमध्ये (चिपची सेटिंग ठेवणाऱ्या जागेत) पोर्ट बी साठी बिट ३ आणि एएफआयओ (लाईनला कोणत्या पोर्टची पिन जोडायची ते ठरवणारा भाग) साठी बिट ०. हा दुसरा बिट हमखास राहतो. तो नसला तर पुढच्या पायरीत लिहिलेलं काही टिकत नाही, चूक कुठेच दिसत नाही, आणि लाईन गुपचूप पोर्ट ए कडेच बघत बसते. मग पिन फ्लोटिंग इनपुटवर ठेवायची. त्यानंतर ईएक्सटीआयसीआर ३ मध्ये बिट ८ ते ११ ला १ लिहायचं, म्हणजे पोर्ट बी. मॅन्युअलमध्ये हे रजिस्टर ३ नंबरचं असलं तरी हेडर फाइलच्या अ‍ॅरेत त्याचा इंडेक्स २ आहे, कारण तिथे मोजणी शून्यापासून होते. मग एफटीएसआर चा बिट १०, म्हणजे सिग्नल खाली येताना मोजायचं. मग जुना राहिलेला पेंडिंग फ्लॅग (इंटरप्ट आल्याची खूण) पुसायचा, त्यानंतर लाईनला परवानगी देणाऱ्या आयएमआर चा बिट १०, आणि सगळ्यात शेवटी एनव्हीआयसी, म्हणजे प्रोसेसरचा इंटरप्ट सांभाळणारा भाग. लाईन १० ते १५ सगळ्या मिळून इंटरप्ट क्रमांक ४० वर येतात, म्हणून एनव्हीआयसीच्या दुसऱ्या आयएसईआर रजिस्टरचा बिट ८.

हँडलरचं, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनचं, नाव स्टार्टअप फाइलमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एक अंडरस्कोर चुकला तरी कंपायलर तक्रार करत नाही. पहिला पल्स आला की चिप डिफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये अडकते आणि बोर्ड हँग झाल्यासारखा दिसतो. फाइल सी++ ची असेल तर हँडलर एक्स्टर्न सी म्हणून जाहीर करावा लागतो, नाहीतर परिणाम तोच.

हँडलरमध्ये तीनच कामं: पीआर (पेंडिंग फ्लॅगचं रजिस्टर) मधला बिट १० लागलाय का बघणं, तो पुसणं, काउंटर एकने वाढवणं. पुसताना त्या बिटवर १ लिहायचा, आणि सरळ बरोबरच्या चिन्हाने. ऑर करून लिहिलं तर रजिस्टर आधी वाचलं जातं आणि त्यात दुसऱ्या लाईनचे जे फ्लॅग लागलेले असतील तेही पुसले जातात. फ्लॅग हँडलरच्या सुरुवातीलाच पुसा. अगदी शेवटच्या ओळीत पुसला तर लिखाण पेरिफेरलपर्यंत पोचायच्या आत प्रोसेसर बाहेर पडतो आणि लगेच पुन्हा आत येतो. अशा वेळी बिट न तपासता काउंटर वाढवत असाल तर मोजणी दुप्पट होते. आकडा नेमका दुप्पट दिसला की आधी ही जागा बघा, आणि मग दोन्ही एज (सिग्नल चढतानाची आणि उतरतानाची) चालू राहिलेत का ते बघा.

काउंटर व्होलाटाइल हवा, म्हणजे कंपायलर तो दर वेळी मेमरीतून ताजा वाचतो, हे सगळे सांगतात. त्याहून कमी सांगितलं जातं ते असं: मुख्य प्रोग्रॅममध्ये काउंटर वाचून लगेच शून्य करू नका. वाचणं आणि शून्य करणं यांच्या मधे आलेला पल्स कायमचा जातो. काउंटर कधीच शून्य करू नये. मागचा आकडा जपून ठेवावा आणि अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या आकड्यांची) वजाबाकी करावी, म्हणजे आकडा भरून पुन्हा शून्यावर आला तरी फरक बरोबर निघतो. आर्डुइनो ऊनोसारख्या ८ बिटच्या बोर्डवर आणखी एक खड्डा आहे. १६ बिटचा काउंटर तिथे दोन तुकड्यांत वाचला जातो. काउंटर २५५ असताना खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात पल्स आला आणि काउंटर २५६ झाला, मग वरचा बाइट १ वाचला. हातात येतात ५११. दिवसातून एखाद्या वेळीच होतं, म्हणून सापडत नाही. तिथे वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा.

आता तपासणी. सेन्सर अजून जोडायचा नाही. पहिली चाचणी वायरशिवाय: एसडब्ल्यूआयईआर रजिस्टरच्या बिट १० वर १ लिहिला की चिप स्वतःच इंटरप्ट उठवते. थोडं थोडं थांबत हे १००० वेळा करा, काउंटर १००० च यायला हवा. आला तर हँडलर, फ्लॅग पुसणं आणि एनव्हीआयसी बरोबर आहेत. दुसरी चाचणी एका जंपर वायरची: पीबी१२ आउटपुट करा, ती पीबी१० ला जोडा आणि १ मिलिसेकंदाच्या अंतराने १०,००० पल्स सोडा. शून्य आलं तर पोर्ट निवडताना चूक आहे किंवा एएफआयओ चं क्लॉक राहिलंय. ९,९९९ आले तरी चालवून घेऊ नका. त्या एका पल्सचं कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

तिसरी चाचणी मुलं हमखास सोडतात. प्रोग्रॅमची बाकीची सगळी कामं चालू असताना, म्हणजे डिस्प्ले, सिरीयल, रेडिओ आणि मुख्य म्हणजे फ्लॅशमध्ये नोंद, हीच मोजणी पुन्हा करा. या चिपमध्ये फ्लॅशचं एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि प्रोग्रॅम फ्लॅशमधूनच चालत असल्यामुळे तेवढा वेळ प्रोसेसर थबकतो. मिनिटाला ३० लिटर, म्हणजे या सेन्सरची कमाल, असताना २२५ हर्ट्झ येतात. दोन पल्समध्ये ४.४ मिलिसेकंद. ४० मिलिसेकंदांत ९ पल्स येतात आणि पेंडिंग फ्लॅग तर एकच बिट आहे, म्हणून एकच मोजला जातो आणि ८ बुडतात. नोंदी वारंवार करायच्याच असतील तर पल्स टायमरच्या बाह्य क्लॉक इनपुटवर घ्या, तिथे हार्डवेअर मोजतं. पिनही त्यानुसार बदलावी लागेल.

एवढं पार पडलं की सेन्सर. लाल वायर ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पिवळी सिग्नल. पिवळी मोकळी ठेवून मल्टिमीटर लावा आणि तोंडाने फुंकून चक्र हळूहळू फिरवा. मधे मधे स्पष्ट ५ व्होल्ट दिसले तर सेन्सरच्या आत पुल-अप आहे. आणि सुरुवातीला सांगितलेल्या, कोरड्या पाइपच्या बिघाडाचं मूळ इथेच आहे. आतला पुल-अप सेन्सरच्या टोकाला असतो. टेबलावर सगळं छान चालतं, म्हणून बोर्डाकडे पुल-अप लावलाच जात नाही. वायर तुटली की तो पुल-अपही वायरबरोबर जातो आणि पिन मोकळी पडते.

म्हणून बोर्डाच्या टोकाला वायरवर ३.३ व्होल्टकडे १० किलोओहम, तिथून पिनपर्यंत १ किलोओहम, आणि पिनपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. जास्त सुरक्षित म्हणून १ मायक्रोफॅरड लावायचा मोह होतो. तेव्हा चढण्याचा काळ ११ मिलिसेकंदांच्या घरात जातो, कमी प्रवाहाला आकडे बरोबर येतात आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोजणी घसरते. कोडमध्ये २ मिलिसेकंदांची चाळणीही ठेवा: मागच्या पल्सनंतर त्याहून लवकर आलेला मोजायचा नाही. स्टार्टरचा ठिणगीचा गोंगाट तिने बराच अडतो. ५० हर्ट्झला मात्र ती काही करू शकत नाही, तिथे दोन पल्समध्ये २० मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्याला पुल-अपच हवा. सोलर पंप असेल तर ड्राइव्हचा गोंगाट किलोहर्ट्झमध्ये असतो, तिथे कपॅसिटर आणि चाळणी दोन्ही कामाला येतात.

वावरात सेन्सर फिल्टरनंतर, म्हणजे गाळलेलं पाणी येईल तिथे, बसवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार चक्रावर बसतात आणि लोखंडी कण त्यातल्या चुंबकाला चिकटतात. सिग्नलची वायर शील्डेड घ्या, शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा, आणि मोटारीच्या केबलला टेपने बांधू नका. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, चिपची मर्यादा ८५ अंश आहे, आणि उन्हातली बंद प्लास्टिकची पेटी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापते. पेटी सावलीत लावा.

मग २० लिटरचा कॅन. लिटरला ४५० पल्स या हिशोबाने ९,००० यायला हवेत, पण या सेन्सरची अचूकता १० टक्क्यांच्या आतबाहेर आहे. ८,४०० आले तर तुमच्या सेन्सरचा गुणक ४२०. कमी, मध्यम आणि पूर्ण अशा तीन प्रवाहांना हे करा, कारण मिनिटाला १ लिटरच्या खाली चक्र नीट फिरतच नाही. दोन-तीन इंची मुख्य लाईनला हा सेन्सर लावायचा विचारही नको.

कॅननंतर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून वायरमनला मोटारीचा स्टार्टर २० वेळा चालू-बंद करायला सांगा. उघड्या स्टार्टरपाशी स्वतः हात घालू नका, तिथे थ्री फेज आहे. काउंटर एकानेही वाढता कामा नये. हे सगळे आकडे, तारीख आणि बोर्डाच्या खुणेसह, वहीत लिहा. पुण्या-नाशिकच्या मुलाखतीत व्होलाटाइल म्हणजे काय हे सगळ्यांना विचारतात. ८ पल्स कुठे बुडाले याचा हिशोब वहीतून दाखवणारा मुलगा किंवा मुलगी वेगळी उठून दिसते.

शेवटची चाचणी: मोटार चालू असताना पिवळी वायर बोर्डापासून सोडवा. पुल-अप बरोबर असेल तर मोजणी शून्यावर थांबेल. पण पाणी नसलं तरी शून्यच येतं, म्हणून तेवढ्याने भागत नाही. काँटॅक्टरचा (स्टार्टरमधल्या मोटार जोडणाऱ्या स्विचचा) ऑक्झिलरी संपर्क ऑप्टोकपलरमधून (दोन सर्किट वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) दुसऱ्या पिनवर घ्या. तो ‘मोटार चालू’ म्हणतोय आणि ३० सेकंदांत एकही पल्स नाही, तर स्क्रीनवर शून्य न दाखवता ‘सेन्सर किंवा लाईन तपासा’ असं दाखवा.