मोराच्या पिल्लांची रक्ती हगवण: शेवटी काय लागू पडलं

टेक्सासमध्ये आम्ही मोर पाळतो (भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे). पाच आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागली. खाणं सुटलं, विष्ठेत रक्त दिसलं.

आधी जंताचं औषध दिलं, मग खाद्य बदललं. अँप्रोलियम हे रक्ती हगवणीवरचं औषध पाण्यातून सुरू केलं, पण अशक्तपणासाठी व्हिटॅमिनही त्याच पाण्यात घातलं. दोन पिल्लं गेली, फार जीव तुटला.

पशुवैद्यांनी ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली: कॉक्सिडिया. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. अँप्रोलियम त्याला व्हिटॅमिन बी-1 मिळू देत नाही. आम्ही तेच बी-1 वरून पाजत होतो!

मग त्यांच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन पूर्ण बंद. 9.6 टक्के द्रव अँप्रोलियम, लिटरभर पाण्याला 2.5 मिली, पाच दिवस. पाणी रोज नवं, पिण्याचं दुसरं भांडं ठेवायचं नाही. पीत नसलेल्या पिल्लाची चोच औषधाच्या पाण्यात बुडवायची. नंतर दोन आठवडे लिटरला 0.6 मिली. व्हिटॅमिन त्यानंतरच.

पहिल्याच दिवशी ओला भुसा सगळा काढला, कोरडा घातला आणि भांडी विष्ठा पडणार नाही इतकी उंच ठेवली. परजीवीची अंडी ओल-उबेत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, नेहमीच्या जंतुनाशकाने मरत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. उरलेली चारही पिल्लं आता दाणे टिपतात.

औषधाची बाटली बघून घ्या: 20 टक्के पावडर असेल तर पहिल्या पाच दिवसांचं प्रमाण लिटरला 1.2 ग्रॅम.