त्याचे हात मोकळे ठेवा

मी अकरा वर्षांची असताना बाबांना दारू सोडवण्यासाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. आईबाबा दोघंही कर्णबधिर, ऐकू येणारी मी एकटीच. डॉक्टर मला म्हणाले, "विचार त्यांना, रोज किती पितात? आईवर हात उचलतात का?" बाबांनी खुणेनं 'एक क्वार्टर' सांगितलं, मी डॉक्टरांना "थोडीशी" म्हणाले. दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही. आज मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. व्यसनमुक्ती केंद्रातले लोक कर्णबधिर रुग्ण आला तर सुरुवात कुठून करू असं विचारतात, तेव्हा आधी हेच सांगते: घरच्या माणसाला दुभाषी करू नका. लेकराला तर नाहीच नाही.

दुभाषी आधीच ठरवून ठेवा. कर्णबधिरांच्या शाळेत, जिल्ह्यातल्या त्यांच्या संघटनेत चौकशी करा. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत विचारा. पण कर्णबधिरांचं जग लहान असतं, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून नाव आणि फोटो रुग्णाला एकट्याला दाखवा आणि "हे चालतील का?" असं विचारा. नको म्हणाला तर दुसरा शोधा. हे उपकार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाला समजेल अशा पद्धतीनं, सांकेतिक भाषेतूनसुद्धा, माहिती देण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

ओठ वाचून कळेल, या भरवशावर राहू नका. पाप, बाप, माप हे शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. लिहून दिलं तरी अनेकांसाठी मराठी ही दुसरी भाषा असते. फॉर्म वाचून मान हलवली म्हणजे समजलं असं नाही. "आता तुम्ही मला सांगा" म्हणा आणि काय सांगतो ते बघा.

"किती पेग?" असं विचारण्यापेक्षा ९०, १८० आणि ७५० मिलीच्या रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडा, शेजारी कॅलेंडर ठेवा. बोट ठेवून तो जे दाखवेल, ते शब्दांत विचारलेल्या उत्तरापेक्षा खरं निघतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते पहिले चार दिवस. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत असतो, भ्रमाची गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. ऐकू येणारा रुग्ण बरळला की नर्सच्या कानावर येतं. कर्णबधिराचं बरळणं हातांत असतं: खुणा तुटक होतात, समोर नसलेल्या माणसाशी हात बोलू लागतात. ही भाषा येणाऱ्यालाच ते ओळखता येतं, म्हणून या दिवसांत दुभाषी व्हिडिओ कॉलवर तरी हवाच. उलटही होतं. घाबरून भराभर खुणा करणारा माणूस 'अंगावर येतोय' असं वाटून त्याचे हात बांधले जातात. एका वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तो फक्त पाणी मागत होता. हात बांधणं म्हणजे त्याच्या तोंडात बोळा कोंबणं. जिवाच्या धोक्यापायी डॉक्टरांना बांधावंच लागलं, तर सुरक्षित होताच एक हात आधी सोडा. सलाईन लावण्यापूर्वी तो कोणत्या हातानं जास्त खुणा करतो ते विचारा आणि दुसऱ्या हाताला लावा. रात्री मंद दिवा चालू ठेवा, अंधारात त्याच्याशी बोलताच येत नाही.

वॉर्डातून बाहेर आल्यावर छोट्या गोष्टी आड येतात. सकाळच्या घंटेऐवजी दिवा उघडझाप करा. खिडकीला पाठ करून बोलू नका, चेहरा काळा दिसतो आणि खुणांचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. गटात एका वेळी एकानंच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी बसवा. ध्यानात "डोळे मिटा" म्हटलं की तो एकटा पडतो, म्हणून सूचना आधी पूर्ण द्या. सभेच्या शेवटी हातात हात धरून प्रार्थना करता ना? मग तो प्रार्थना म्हणणार कशानं? त्या दिवसापुरते हात सोडा.

घरी जाताना "तलफ आली तर फोन करा" म्हणून १४४४६ हा हेल्पलाइन नंबर देतात. नुसत्या आवाजाच्या फोनचा त्याला काय उपयोग? रात्रीही व्हिडिओ कॉल उचलला जाईल असा एक नंबर द्या. 'तलफ', 'घाबरलोय', 'प्यायलो', 'येतोय' एवढ्या खुणा तरी उचलणाऱ्याला यायला हव्यात. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी, त्याला केंद्राच्या फाटकाबाहेर उभं करून, तो कॉल एकदा लावून बघा.