लाइट सगळ्यात शेवटी घ्या

घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा ठरला की बहुतेक जण काच, स्टँड आणि लाइट एकाच फेरीत उचलतात. लाइट मागे ठेवा. आधी कोणते कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवणार हे नक्की करा. आपल्याकडे ही निवड आवडीच्या आधी कायदाच करतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे दगडी प्रवाळ येतात. म्हणजे परदेशी व्हिडिओंत मिरवणारे अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन बाद. पंख्यासारखे पसरणारे सी फॅन प्रवाळही त्याच यादीत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा खिशात घालायचं तर मनातही आणू नका. उरतात मशरूम, झोआंथिड, लेदर असे मऊ प्रकार. तेही घेताना माल कुठून आला ते विचारा आणि पक्कं बिल मागा.

यात खिशाचा फायदाच आहे. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतात. त्यांच्या कामाचा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात. अ‍ॅक्रोपोराला साधारण २५० ते ३५० पार लागतो. मशरूमला ५० ते ८० पुरतो, झोआंथिड आणि लेदरला १०० ते १५०. तेव्हा दुकानदार सगळ्यात महागडं युनिट पुढे करेल, त्याला सरळ नाही म्हणा.

आता टेप घेऊन टँक मोजा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ १२७ लिटर पाणी मावतं. त्याला एक बरं एलईडी युनिट पुरतं. चार फुटीला दोन धरा, नाहीतर कडेचे कोपरे अंधारात राहतात. वॉटचा आकडा बघून भुलू नका. त्यावरून वीज किती जळते ते कळतं, वाळूपर्यंत प्रकाश किती पोचतो ते नाही. पाण्यापासून किती उंचीवर टांगल्यावर, किती खोलीवर, मध्यभागी आणि कोपऱ्यात किती पार मिळतो, हे सांगणारा तक्ता कंपनीकडे मागा. तक्ता नसेल तर दुसरं युनिट बघा. मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या लक्स अ‍ॅपचा इथे उपयोग नाही, निळा प्रकाश ते नीट मोजतच नाहीत. ओळखीत कुणाकडे पार मीटर असेल तर एका संध्याकाळपुरता मागून आणा.

कोरलला मुख्यतः निळा प्रकाश हवा, ४०० ते ४८० नॅनोमीटरचा. म्हणून निळा आणि पांढरा चॅनल वेगवेगळा कमी-जास्त करता येणारंच युनिट घ्या. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठीचा लाइट स्वस्तात मिळतो, पण त्यात निळा कमी असतो आणि कोरलआधी शेवाळाचंच फावतं. मेटल हॅलाइडचा जुन्या धाटणीचा दिवा मुंबईच्या मे महिन्यात पाणी तापवतो आणि वर पाणी थंड करणाऱ्या चिलरचं बिल लावतो. टी५ ट्यूबचा प्रकाश छान पसरतो, पण त्या साधारण वर्षाने बदलाव्या लागतात.

विजेची तयारी लाइट घरी यायच्या आधी करा. खारं पाणी उडतं आणि मिठाचा थर सॉकेटपर्यंत चढतो. त्यामुळे बोर्ड टँकच्या बाजूला, उंचावर घ्या आणि वायर प्लगच्या खाली एकदा झोल देऊन न्या, म्हणजे ओघळ तिथेच गळेल. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्याच. इन्व्हर्टरवर मात्र लाइट नको, पाणी हलतं ठेवणारा पंप, म्हणजे वेव्हमेकर, लावा. एखादा दिवस अंधार कोरलला चालतो, पाणी स्थिर राहून प्राणवायू घटलेला चालत नाही.

लाइट लावल्यावर पूर्ण जोर देऊ नका. ३० टक्क्यांवर सुरू करा, टायमरवर दिवसाला आठ तास ठेवा आणि महिनाभरात हळूहळू वाढवा. नवीन तुकडे आधी वाळूवरच ठेवा. रंग फिका पडत पांढुरका झाला तर टक्केवारी लगेच खाली आणा. झोआंथिड देठ लांबवून वर ताणले जात असतील तर त्यांना प्रकाश कमी पडतोय, दगडावर एक पायरी वर सरकवा. फक्त मशरूमच आकसून कडा आत वळवत असतील तर त्यांना दगडाच्या सावलीत न्या. लाइटला हात लावू नका, बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं.